चार मिलिमीटरचा फुगा आणि घरभर पसरलेली भीती

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका ४७ वर्षांच्या असून शाळेत शिकवतात. वारंवार चक्कर येते म्हणून काढलेल्या एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या मध्य धमनीला जिथे फाटा फुटतो, तिथे ४ मिलिमीटरचा ॲन्युरिझम, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेला फुगा, आढळला. "आत्ता काही करायचे नाही, सहा महिन्यांनी पुन्हा एमआर अँजिओग्राफी करू," असे न्यूरोसर्जननी सांगितले आहे (एमआर अँजिओग्राफी म्हणजे एमआरआय यंत्रावरच काढलेली रक्तवाहिन्यांची चित्रे). थोरले भाऊ मात्र "डोक्यात टाइम बॉम्ब घेऊन फिरू नकोस, ऑपरेशन करून मोकळी हो," असा आग्रह धरून बसले आहेत. त्यांची आई ६१व्या वर्षी 'ब्रेन हॅमरेज'ने गेली. हा अहवाल आल्यापासून त्यांनी जिना, ओझे, कॉफी, मोठ्याने हसणे आणि पतीशी जवळीक सोडली आहे, आणि घरातले सगळे त्यांच्यापासून वाईट बातम्या लपवतात. रक्तदाबाची गोळी त्या डोके जड वाटेल त्याच दिवशी घेतात. रात्री गच्चीवर एकट्या बसून पाच-सहा सिगारेटी ओढतात. त्यांना एक धाकटी बहीण आणि कॉलेजात जाणारा मुलगा आहे. त्यांचे प्रश्न दोन: हा फुगा कधी फुटेल, आणि ऑपरेशन करून टाकावे का?

ताई, तुमच्या पत्रात दोन याद्या आहेत, आणि त्या शेजारी-शेजारी ठेवल्या की जे दिसते तेच आधी सांगते. पहिली यादी तुम्ही सोडून दिलेल्या गोष्टींची आहे आणि ती चांगली पानभर आहे. दुसरी यादी पत्राच्या अगदी शेवटी एका वाक्यात उरकलेली आहे: गोळी अधूनमधून, आणि सिगारेट रोज, कारण "तेवढाच काय तो विरंगुळा राहिला आहे". या फुग्यांबद्दल आज जे ठाऊक आहे त्यानुसार पहिल्या यादीने तुमचा धोका नाव घेण्याइतकाही कमी झालेला नाही, आणि दुसऱ्या यादीतील दोन्ही गोष्टी तो वाढवणाऱ्या आहेत. तुमच्या भीतीला मी खोटी म्हणत नाही, पण ती नको तिथे खर्ची पडते आहे, असे मला वाटते. मी तुमची चित्रे पाहिलेली नाहीत, त्यामुळे हे उत्तर तुमच्या न्यूरोसर्जनच्या सल्ल्याच्या जागी ठेवू नका. त्यांच्यासमोर बसल्यावर नेमके काय विचारायचे हे ठरवायला त्याचा उपयोग करा. असाच अहवाल हाती पडलेल्या इतरांनाही तो व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भावाच्या 'टाइम बॉम्ब'पासून सुरुवात करू. बॉम्बची वेळ ठरलेली असते आणि ती आली की तो फुटतोच. या फुग्यांबाबत दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. प्रौढांपैकी साधारण तीन टक्के लोकांच्या मेंदूत असा न फुटलेला फुगा असतो, म्हणजे एक लाखात सुमारे तीन हजार. आणि अशा फुग्यांमुळे होणारा रक्तस्राव, जगभराचा विचार करता, वर्षाकाठी लाखामागे दहाहूनही कमी जणांना होतो. बहुसंख्य लोक डोक्यात फुगा घेऊन पूर्ण आयुष्य काढतात, दुसऱ्याच कशाने तरी जातात, आणि तो होता हे त्यांना कधी कळतही नाही. तुम्हाला कळले ते चक्करीच्या निमित्ताने. एवढ्या लहान, न फुटलेल्या फुग्यामुळे सहसा चक्कर येत नाही, तेव्हा चक्करीचे कारण अजून शोधायचेच राहिले आहे, हे विसरू नका. कानाचा तोल सांभाळणारा भाग आणि वरखाली होणारा रक्तदाब या दोन्ही बाजू तपासून घ्या.

तरीही गोष्ट किरकोळ नाही. फुगा फुटला की रक्त मेंदूभोवतीच्या आवरणांमधील जागेत पसरते, अशा रुग्णांपैकी निदान एक तृतीयांश दगावतात, आणि वाचलेल्या अनेकांना स्मृती, एकाग्रता किंवा हालचाल यांत कायमची उणीव राहते. शक्यता फार लहान आणि परिणाम फार मोठा असला की आपले मन शक्यता विसरते आणि परिणामालाच कवटाळून बसते. तुमच्या घरात सध्या हेच चालले आहे, आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्यात अर्थ नाही.

"कधी फुटेल" या प्रश्नाला उत्तर नाही, पण "कोणते फुगे जास्त फुटतात" या प्रश्नाला बऱ्यापैकी चांगले उत्तर आहे. मेंदूच्या धमन्यांची भिंत शरीरातील इतर धमन्यांच्या मानाने पातळ असते, तिला बाहेरचा लवचीक थर नसतो, आणि सभोवती आधाराला स्नायूही नसतात. जिथे धमनीला फाटा फुटतो तिथे रक्ताचा प्रवाह वर्षानुवर्षे एकाच जागी आदळत राहतो. त्या जागी आतला लवचीक थर झिजतो, भिंतीत दाह सुरू होतो आणि ती बाहेर फुगते. पुढे काय होते ते त्या भिंतीची झीज आणि डागडुजी यांच्यातील चढाओढीवर अवलंबून असते. काही फुगे बनतात, स्थिरावतात आणि तसेच राहतात. काही वाढत जातात.

डॉक्टर अंदाज बांधताना पहिला मान आकाराला देतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, आधी कधी असा रक्तस्राव न झालेल्या रुग्णांमध्ये, मेंदूच्या पुढच्या भागातील धमन्यांवरच्या ७ मिलिमीटरहून लहान फुग्यांपैकी पाच वर्षांत एकही फुटल्याची नोंद नव्हती. ७ ते १२ मिलिमीटरच्या फुग्यांत हे प्रमाण २.६ टक्के, १३ ते २४ मिलिमीटरमध्ये १४.५ टक्के आणि त्यापुढे ४० टक्के होते. दुसरा मान जागेचा. त्याच पाहणीत मागच्या बाजूच्या धमन्यांवर, तसेच पुढचा आणि मागचा पुरवठा जोडणाऱ्या पश्च संयोजी धमनीवर असलेल्या फुग्यांचे आकडे अनुक्रमे २.५, १४.५, १८.४ आणि ५० टक्के असे निघाले, म्हणजे तेवढ्याच आकाराचा फुगा जागा बदलली की अधिक धोक्याचा ठरतो. तिसरी गोष्ट रूपाची. गोल, गुळगुळीत फुग्यापेक्षा वेडावाकडा किंवा अंगावर आणखी एक छोटा फुगवटा असलेला फुगा अधिक फुटतो. जपानमध्ये ५७२० रुग्णांच्या ६६९७ फुग्यांचा मागोवा घेऊन २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा जादा फुगवटा असलेल्यांचा धोका सुमारे १.६ पट आढळला. त्या अभ्यासात सगळ्या आकारांचे मिळून फुटण्याचे प्रमाण वर्षाला एक टक्क्याच्या किंचित आत होते. आणि चौथी, माझ्या मते रुग्णाने सर्वांत नीट समजून घ्यावी अशी गोष्ट, वाढीची: जो फुगा दोन तपासण्यांच्या दरम्यान वाढलेला दिसतो, तो स्थिर फुग्यापेक्षा पुष्कळ अधिक धोकादायक असतो. असे वाढते फुगे पुढच्या वर्षभरात फुटण्याची शक्यता सुमारे ४ टक्के असल्याचे दिसले आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावण्यामागे हेच कारण आहे. डॉक्टरांनी तुमचा प्रश्न पुढे ढकललेला नाही.

आता कोणी म्हणेल, चारच मिलिमीटर, म्हणजे धोका शून्य. हेही बरोबर नाही. फुटलेला फुगा घेऊन रुग्णालयात येणाऱ्यांत लहान फुगे असलेले बरेच असतात, याचे मोठे कारण म्हणजे एकूण फुग्यांतच लहानांची संख्या प्रचंड आहे. शिवाय या सगळ्या पाहण्यांची एक मर्यादा आहे, जी आकडे सांगताना बहुधा गाळली जाते: जे फुगे डॉक्टरांना घातक वाटले त्यांच्यावर आधीच उपचार झाले, त्यामुळे नुसते निरीक्षणाखाली राहिले ते तुलनेने सौम्य होते, आणि त्यांच्यावरून काढलेला धोका काहीसा कमी दिसण्याची शक्यता आहे.

२०१४ साली सहा अभ्यासांतील ८३८२ रुग्णांची माहिती एकत्र करून 'फेझेस' नावाची एक गुणपद्धती तयार झाली. तिच्यात लोकसमूह, उच्च रक्तदाब, ७० किंवा त्यापुढचे वय, फुग्याचा आकार, पूर्वी दुसऱ्या फुग्यातून झालेला रक्तस्राव आणि जागा अशा सहा गोष्टींना गुण दिले जातात. तुम्ही दिलेल्या माहितीवरून रक्तदाबाचा १ आणि मध्य धमनीचे २, असे तुमचे ३ गुण होतात, आणि त्यांचा अर्थ पाच वर्षांत फुटण्याची शक्यता सुमारे ०.७ टक्के. हजार जणींपैकी सात; ९९३ जणींच्या बाबतीत पाच वर्षांत काहीही होत नाही. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवू नका, कारण लोकसमूहाचे गुण उत्तर अमेरिका, युरोप, जपान आणि फिनलंड येथील रुग्णांवरून ठरले आहेत (जपानी आणि फिनिश लोकांना जादा गुण मिळतात) आणि इतरांना ते जसेच्या तसे लावता येतील याची खात्री नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सिगारेट आणि कुटुंबातील इतिहास या दोन गोष्टी त्या सहांत मोजल्याच जात नाहीत, आणि तुमच्या बाबतीत नेमक्या त्याच दोन उभ्या आहेत. तरी आपण टक्क्यांच्या कोणत्या पट्टीत बोलत आहोत, याचा अदमास त्यावरून येतो.

मग ऑपरेशन करून मोकळे का होऊ नये? भावाच्या बोलण्यात एक गृहीतक दडलेले आहे: काही न करणे म्हणजे धोका, आणि काही करणे म्हणजे सुटका. दोन्ही बाजूंना धोकाच आहे, फक्त त्याचे वेळापत्रक वेगळे आहे. कवटी उघडून फुग्याच्या मानेवर (तो धमनीला जिथे जोडलेला असतो त्या भागावर) चिमटा बसवणे, म्हणजे क्लिपिंग, किंवा मनगटातील वा जांघेतील धमनीतून बारीक नळी वर नेऊन फुगा धातूच्या तारेने आतून भरणे, म्हणजे कॉइलिंग, हे दोन मुख्य मार्ग. फाट्यावरच्या रुंद मानेच्या फुग्यांसाठी मध्य धमनीवर पुष्कळदा क्लिपिंग सुचवले जाते. न फुटलेल्या फुग्यांवरील अशा उपचारांच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले असता, पक्षाघातासारखी गुंतागुंत नळीतून केलेल्या उपचारांत सुमारे ५ टक्के आणि शस्त्रक्रियेत सुमारे ८ टक्के रुग्णांना झालेली दिसते. त्यातल्या सगळ्या कायमच्या नसतात, मृत्यू फार थोडे असतात, आणि निष्णात हातांत हे प्रमाण कमीही असते. पण हा सगळा धोका एकाच दिवशी, धडधाकट माणसाने चालत जाऊन पत्करायचा असतो. पाच वर्षांच्या ०.७ टक्क्यांच्या शेजारी तो ठेवून पाहिला की डॉक्टर घाई का करत नाहीत ते कळते.

भावाची बाजूही मांडते, कारण ती अगदीच पोकळ नाही. उपचाराचा धोका एकदाच घ्यायचा असतो, आणि फुगा मात्र जन्मभर सोबत राहतो. ४७व्या वर्षी पुढची तीस-चाळीस वर्षे मोजावी लागतात, तर ७५ वर्षांच्या माणसाच्या बाबतीत हिशेब वेगळाच असतो. पण पाच वर्षांच्या धोक्याला आठाने गुणून जन्माचा धोका काढता येत नाही, कारण फुगा वर्षानुवर्षे त्याच वेगाने कमकुवत होत नाही. म्हणून "आत्ता नको" याचा अर्थ "कधीच नको" असा घेऊ नका. पुढच्या तपासणीत तो वाढला, त्याचे रूप बदलले, किंवा आईचा रक्तस्रावही अशाच फुग्यातून झाल्याचे निघाले, तर पारडे उपचाराच्या बाजूला झुकू शकते. सगळे समजून घेतल्यानंतरही फुगा डोक्यात आहे या जाणिवेने जगणेच अशक्य होत असेल, तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. अनुभवी न्यूरोसर्जन त्याला क्षुल्लक समजत नाहीत. आणि दुसरे मत घ्यायचेच असेल तर जिथे क्लिपिंग आणि कॉइलिंग दोन्ही नियमित होतात, आणि दोन्ही करणारे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात, अशा ठिकाणी घ्या. एकच हत्यार हाती असलेल्याला प्रत्येक फुगा त्याच हत्याराचा वाटण्याचा संभव असतो.

आता जिना, कॉफी आणि हसणे. तुम्ही हे सोडलेत ते ऐकीव माहितीवर नव्हे, तसा अभ्यास खरोखर झालेला आहे. नेदरलँड्समध्ये फुगा फुटून वाचलेल्या २५० रुग्णांना फुटण्याआधी ते काय करत होते हे विचारले गेले, आणि २०११ साली त्याचे निष्कर्ष आले: कॉफी, कोला, जोराचा व्यायाम, नाक शिंकरणे, शौचाला कुंथणे, समागम, राग आणि एकाएकी दचकणे या आठ गोष्टींनंतर थोडा वेळ धोका वाढलेला आढळला. बातम्यांत हे आले की माणसे घाबरतात, कारण किती पट ते सांगितले जाते, कशाच्या पट ते नाही. तुमचाच आकडा घेऊ. पाच वर्षांत ४३ हजारांहून अधिक तास असतात, ०.७ टक्के धोका त्यांवर सारखा वाटला तर एका तासाच्या वाट्याला सुमारे ६० लाखांत एक येतो. कॉफीनंतरच्या तासात तो त्या अभ्यासानुसार १.७ पट होतो, म्हणजे साधारण ३७ लाखांत एक. कुंथण्याने सातपट झाला तरी साडेआठ लाखांच्या आसपास एक. एवढ्यासाठी वर्गात हसणे सोडायचे का, हे तुम्हीच ठरवा. मी सोडले नसते.

निमित्त आणि कारण यांत फरक आहे, आणि तुमच्या प्रश्नाची किल्ली मला तिथेच दिसते. ज्या क्षणी फुगा फुटतो त्या क्षणी माणूस काही ना काही करतच असतो. पुष्कळ जण तर झोपेत किंवा स्वस्थ बसलेले असतात. फुटण्याइतकी भिंत ज्या गोष्टींनी कमकुवत होते त्या वर्षानुवर्षे, मुकाट्याने काम करणाऱ्या असतात. त्यामुळे चालणे, जिना, घरातली नेहमीची कामे, कॉफीचा पेला आणि पतीचा सहवास या गोष्टी, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, परत सुरू करा. नियमित चालण्याने रक्तदाब उतरतो, म्हणजे जिना टाळून तुम्ही एक औषधच बंद केले होते. दोन गोष्टी मात्र पाळा, कारण त्या सोप्या आहेत आणि एरवीही हिताच्या आहेत: बद्धकोष्ठता साचू देऊ नका, आणि श्वास रोखून अतिशय जड वजने उचलण्याचा व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. विमानप्रवासाची भीती अनेक वाचकांनी यापूर्वी कळवली आहे; दाब नियंत्रित केलेल्या प्रवासी विमानात बसल्याने असे फुगे फुटतात असा पुरावा नाही.

रक्तदाबाकडे येते. तुम्ही गोळी डोक्याला विचारून घेता, आणि डोके या बाबतीत अत्यंत अविश्वासू साक्षीदार आहे. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवत नाही, आणि जड डोक्याचा रक्तदाबाशी पुष्कळदा संबंध नसतो. कधी घ्यायची, कधी नाही, असे केल्याने दाब सतत वरखाली होत राहतो, आणि काही औषधे अचानक थांबवल्यावर तो उसळीही घेतो. दंडाला बांधायचे स्वयंचलित यंत्र घरात आणा. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसा. हात हृदयाच्या पातळीवर टेकवा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. सकाळ-संध्याकाळ असा आठवडाभराचा कागद डॉक्टरांना दाखवला तर त्यांना गोळीची मात्रा ठरवता येईल. पुष्कळ रुग्णांत १३०/८० च्या आत राहण्याचे उद्दिष्ट ठेवतात, तुमचे काय असावे ते त्यांना विचारा. मीठ कमी, वजन आटोक्यात, झोप पुरेशी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. घोरणे आणि दिवसा पेंग येणे असेल तर तेही सांगा, झोपेत श्वास अडकल्याने रक्तदाब हट्टी होतो. सर्दीत नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्या रक्तदाब वाढवतात, त्या विचारल्याशिवाय घेऊ नका. ॲस्पिरिन आधीपासून चालू असेल तर घाबरून बंद करू नका आणि नसेल तर स्वतःच्या मनाने सुरू करू नका, दोन्ही निर्णय डॉक्टरांचे.

सिगारेटबद्दल आढेवेढे न घेता लिहिते. फुगा बनणे, तो वाढणे आणि तो फुटणे या तिन्ही टप्प्यांवर जिचा हात दिसतो आणि जी माणसाच्या हातात आहे, अशी रक्तदाबाच्या जोडीची दुसरी गोष्ट म्हणजे धूम्रपान. धूर धमनीच्या भिंतीत दाह पेटता ठेवतो, तिचे लवचीक धागे तोडतो, आणि प्रत्येक सिगारेटीमागे रक्तदाब काही काळ चढवतो. ओढणाऱ्यांमध्ये अशा रक्तस्रावाचा धोका न ओढणाऱ्यांच्या दोन ते तीन पट असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे, आणि ज्यांच्या कुटुंबातही हा आजार आहे त्यांच्यात धूम्रपान व रक्तदाब एकत्र आले की धोका विशेष वाढतो. हे फुगे आणि हा रक्तस्राव मुळातच स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक आढळतो, हीही नोंद घ्या. पाच-सहा म्हणजे काहीच नाही, असा हिशेब इथे लागत नाही. कमी केल्याचा फायदा आहे, पण खरा फायदा सोडल्याचा आहे, आणि सोडल्यानंतर धोका वर्षागणिक उतरत जातो. तुम्ही ती केवळ मनोबलावर सोडाल अशी अपेक्षा मी करणार नाही. अहवालाची धास्ती आणि विरंगुळ्याची एकमेव वेळ काढून घेणे, या दोन गोष्टी एका आठवड्यात झेपत नाहीत. डॉक्टरांना प्रामाणिकपणे आकडा सांगा, निकोटिनच्या पट्ट्या किंवा गोळ्या, समुपदेशन यांपैकी काय चालेल ते ठरवा, आणि एक तारीख पक्की करा. गच्चीवरची ती अर्धी घटका मात्र ठेवा. तुम्हाला सिगारेटीइतकीच त्या एकांताचीही गरज असावी, असा माझा अंदाज आहे. धूम्रपानाखेरीज अतिमद्यपान आणि कोकेनसारखी उत्तेजके हीदेखील याच वर्गात मोडतात. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून इतर वाचकांसाठी एवढेच पुरे.

डोके दुखले की तुम्हाला धडकी भरते, असेही तुम्ही लिहिले आहे. सावकाश चढणारी, दुपारपर्यंत टिकणारी, झोपल्यावर उतरणारी डोकेदुखी तुम्हाला पूर्वीही होती आणि पुढेही होईल. फुटलेल्या फुग्याची डोकेदुखी वेगळी असते: ती विजेसारखी येते, काही सेकंदांत किंवा फार तर मिनिटभरात शिगेला पोहोचते, आणि माणूस म्हणतो की असे आयुष्यात कधी दुखले नव्हते. तिच्यासोबत उलटी, मान ताठरणे, उजेड सहन न होणे, झटका किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काही असू शकते. अशा वेळी दुखणे थांबले तरी थांबायचे नाही, रुग्णवाहिका बोलावून थेट मोठ्या रुग्णालयात जायचे, आणि दारातच सांगायचे की हिच्या मेंदूत ॲन्युरिझम आहे. पहिल्या सहा तासांत केलेल्या सीटी स्कॅनमध्ये असा रक्तस्राव जवळजवळ नेहमी दिसतो. डोकेदुखी नसतानाही एक खूण तितकीच तातडीची मानावी: एका डोळ्याची पापणी अचानक खाली पडणे, त्याच डोळ्याची बाहुली मोठी होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे. पश्च संयोजी धमनीवरचा फुगा वाढून शेजारच्या नसेवर दाबला की असे होते. तुमचा फुगा त्या जागी नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाचा असू शकतो.

हे तुमच्या पतीला आणि मुलाला एकदा बसवून सांगा. काय झाले तर धावायचे हे नेमके माहीत असले, की उरलेल्या वेळी घर नेहमीसारखे बोलू शकते. वाईट बातम्या लपवणे, टीव्हीचा आवाज बारीक ठेवणे आणि मुलाने परीक्षेचे कमी गुण न सांगणे याने तुमचा फुगा सुरक्षित होत नाही. तुम्हाला मात्र घरातल्या घरात पाहुणे केले जाते. धास्तीने रात्र-रात्र झोप लागत नसेल आणि शाळेत जाणेही जड वाटू लागले असेल, तर त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. निरीक्षणाखाली ठेवलेल्या रुग्णांमध्ये ही चिंता नेहमी आढळते, आणि तिच्यावर उपचार आहेत.

पुढच्या तपासणीबद्दल थोडे. शक्य तर ती त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने करून घ्या, कारण दोन यंत्रांच्या किंवा दोन मोजणाऱ्यांच्या मापांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि ४ चा ४.४ झाला म्हणून फुगा वाढला असे होत नाही; साधारणपणे १ मिलिमीटर किंवा अधिक फरक पडला, किंवा आकार स्पष्ट बदलला, तरच वाढ मानतात. अहवालाच्या कागदासोबत मूळ चित्रांची सीडीही मागून घ्या आणि जपून ठेवा, नंतर तुलना तिच्याशीच करायची असते. दोन-तीन तपासण्यांत काही बदल नसेल तर मधले अंतर वाढवतात.

शेवटी आईची गोष्ट, जी तुम्ही एका ओळीत लिहिली आहे आणि जिच्यावर अजून बरेच अवलंबून आहे. ब्रेन हॅमरेज म्हणजे फुगाच फुटला असला पाहिजे, असे तुम्ही धरून चालला आहात. तसे असेलच असे नाही. वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूच्या आतील बारीक धमनी फुटून होणारा रक्तस्राव हा या फुग्यांपेक्षा वेगळा आजार आहे, तो अधिक आढळतो, आणि घरात त्यालाही हेच नाव दिले जाते. आईचे जुने कागद, सीटी स्कॅनचा अहवाल, रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद, मृत्यूच्या कारणाची नोंद, जे मिळेल ते शोधा; भाऊ एवढे तळमळीने बोलतात तर हे काम त्यांच्याकडे द्या. अहवालात रक्त मेंदूच्या आत आहे की भोवतालच्या आवरणांत, एवढे एक वाक्य जरी सापडले तरी तुमच्या न्यूरोसर्जनला पुष्कळ कळेल. कोणाच्या मूत्रपिंडांत असंख्य गाठी होण्याचा आनुवंशिक आजार घरात असेल तर तेही विचारा, त्या आजारात असे फुगे अधिक आढळतात.

ते आवरणांतील रक्त निघाले, तर तुमच्या बहिणीच्या आणि भावाच्या दृष्टीने आई आणि तुम्ही अशा सख्ख्या नात्यातल्या दोघींना हा आजार झाला असे होईल, आणि दोन किंवा अधिक जवळच्या नातेवाइकांत तो असेल तर लक्षणे नसतानाही एमआर अँजिओग्राफी करून घेण्याचा सल्ला दिला जातो. या तपासणीत क्ष-किरण नसतात आणि बहुधा इंजेक्शनही लागत नाही. एकदा चित्र स्वच्छ आले तरी काही वर्षांनी ती पुन्हा करावी लागते, कारण फुगे नंतरही बनू शकतात. तुमच्या मुलाचे कधी आणि करायचे का, हे त्याचे वय पाहून डॉक्टरांना ठरवू द्या. आणि तपासणीला जाण्याआधी बहिणीशी मोकळेपणी बोला: काही सापडले तर तीही याच प्रश्नांत अडकेल, तेव्हा तिला ते कळून घ्यायचे आहे का, हे तिने स्वतः ठरवायचे आहे. रक्तदाब मोजायला मात्र तिने आणि भावाने कोणत्याही कागदाची वाट पाहू नये.